चाकूची नावनिशी

लोखंडाचे पाते, त्याला धार आणि हाती धरावयास मूठ, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की चाकू झाला. मनुष्याच्या हाती आलेल्या हत्यारांत इतके साधे हत्यार क्वचितच दुसरे असेल. असे असता शहरातील एखाद्या मोठ्या दुकानात जाऊन चाकू मागितला तर दुकानदार प्रथम विचारतो, "कोणता?" स्वयंपाकघरातला, फळे चिरण्याचा, शिकारीचा, सहलीचा, खिशात बाळगण्याचा, कोणास भेट देण्याजोगा, अशी नावे तो भराभर सांगू लागतो. प्रत्येक नावाची पेटी निराळी आणि किंमतही निराळी. पात्यापात्यांत मात्र तितके अंतर असतेच असे नाही. ही नावे कोणी पाडली, केव्हा पाडली आणि त्यांत घडविणाऱ्याचा हात किती व विकणाऱ्याचा किती, याचा थोडा इतिहास प्रस्तुत अंकाच्या निमित्ताने ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा असे योजिले आहे. आपल्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या पाती घडविली. परंतु नावे देण्याचा उद्योग इतरांनी केला, आणि त्या उद्योगात केवढा पैसा होता हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम आपल्याकडील नावे घेऊ. चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, खाटकाचा सुरा, कापणीचा विळा, निंदणीचे खुरपे, झाडझाडोरा तोडण्याचा कोयता, सुपारीचा अडकित्ता आणि गृहिणीची विळी. विळीलाही मालवणाकडे आडाळो म्हणतात आणि तिच्या टोकाशी नारळ खवण्याची खवणी जोडतात. देशावर नारळ थोडा, म्हणून तेथील पुष्कळ विळ्यांना खवणी नसे. या सर्व नावांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. येथे नाव कामावरून पडले आहे, आणि काम कोणाचे हे गावाला ठाऊक होते. बलुत्याच्या वहिवाटीत लोहाराला सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्याचा वाटा मिळे. गिऱ्हाईक शोधावयाचे नव्हते, ते जन्मापासून ओळखीचे होते. गावात एखादा डावरा माणूस असला तर त्याच्या विळ्याला धार दुसऱ्या अंगाने लावून दिली जाई. त्या विळ्याला निराळे नाव नव्हते. तो अमक्याचा विळा, इतकेच. पात्यावर घडविणाऱ्याची निशाणी उठविण्याचेही कारण पडत नसे, कारण गावात भट्टी बहुधा एकच होती.

या व्यवस्थेत अडचणी पुष्कळ होत्या, व ज्यांनी त्या सोसल्या त्यांच्या घरी त्या आजही सांगितल्या जातात. सुगी बुडाली की वाटाही बुडे. परंतु त्यांची चर्चा येथे नको. आपला मुद्दा एवढाच की, गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असते तोवर मालाला नाव देण्याची विशेष गरज नसते. गिऱ्हाईक दूर गेले, समुद्रापलीकडे गेले, म्हणजे पात्याला नाव लागते.

इंग्लंडातील शेफील्ड हे गाव याचे उत्तम उदाहरण होय. चौदाव्या शतकातील चॉसर कवीच्या एका कथेत शेफील्डच्या चाकूचा उल्लेख आहे, इतकी तेथील कीर्ती जुनी. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथे चाकू-कात्र्या करणाऱ्या कारागिरांचा संघ स्थापन झाला. कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर हे त्याचे नाव, आणि हा संघ आजतागायत चालू आहे. प्रत्येक कारागिराने आपली निशाणी संघाच्या वहीत नोंदवावी व ती दुसऱ्याने वापरू नये, हा त्याच्या कामाचा एक मुख्य भाग. रॉजर्स या घराण्याची चांदणी व क्रूस ही निशाणी पुढे जगभर ओळखीची झाली आणि त्यांचा माल मुंबई-कलकत्त्यापर्यंत येत असे. जुन्या घरांच्या फडताळांत त्या निशाणीचा एखादा वस्तरा किंवा खिशातला चाकू अद्यापही सापडणे अशक्य नाही.

तरीही शेफील्डची आरंभीची वर्गवारी आपल्यासारखीच कामावरून होती. जेवणाच्या मेजावरचे चाकू करणारे निराळे, मिटणारे चाकू करणारे निराळे, कात्रीवाले निराळे, वस्तरेवाले निराळे. इंग्रजीत ज्याला पेननाइफ म्हणतात ते नावही खरे कामाचे होते. हंसपक्ष्याच्या पिसाची लेखणी तासण्याकरिता बारीक पात्याचा तो चाकू असे, आपल्याकडे बोरू तासावयास लागे तसा. पिसाची लेखणी जाऊन पोलादी टाक आला, तरी पेननाइफ हे नाव गेले नाही. काम संपले आणि नाव उरले. उरलेल्या नावावर पुढे माल खपत राहिला.

एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका. तेथे १८२७ साली जेम्स बोई नावाच्या एका गृहस्थाने मिसिसिपी नदीच्या काठी झालेल्या मारामारीत मोठ्या सुऱ्याने आपला बचाव केला, आणि वर्तमानपत्रांनी ती हकीकत गाजविली. १८३६ साली टेक्सासमधील अलामोच्या लढाईत तो मारला गेला आणि त्याची दंतकथा झाली. त्याचा मूळचा सुरा नेमका कसा होता याविषयी जाणत्यांत एकमत नाही. शेफील्डच्या कारखानदारांचे त्यावाचून काही अडले नाही. त्यांनी बोई या नावाखाली नाना आकारांचे सुरे घडवून अमेरिकेस पाठविले, आणि पात्यावर तेजाबाने अक्षरे कोरली. कोठे शिकाऱ्याचा सुरा, कोठे स्वसंरक्षणाचा, कोठे कॅलिफोर्नियाचा; कारण १८४९ साली तिकडे सोन्याच्या शोधात माणसांची रीघ लागली होती. ती अक्षरे कोरणाऱ्या कारागिराने अमेरिकेचा किनारा बहुधा जन्मात पाहिला नसेल. वॉस्टनहोम या कारखानदाराची निशाणी आय, एक्स आणि एल अशा तीन इंग्रजी अक्षरांची होती. ती एकापुढे एक उच्चारली की "मी सरस आहे" असे इंग्रजी वाक्य होते. त्याने आपल्या कारखान्याला नावही दिले ते अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचे, वॉशिंग्टन! गिऱ्हाइकाच्या मनात शिरणे यापरते ते काय?

परंतु नाव ही दुधारी वस्तू आहे. बोई या नावाने खप वाढला तसा त्याचा धाकही वाढला. १८३७ साली अलाबामा राज्याने या सुऱ्याच्या विक्रीवर नगास १०० डॉलर कर बसविला. पुढील वर्षी टेनेसी राज्याने बोई सुरा व त्याच्यासारखा दिसणारा कोणताही सुरा विकण्यास बंदी केली. पात्याची लांबी-रुंदी मोजण्याच्या भरीस कायदा पडला नाही; त्याने नाव आणि तोंडवळा यांवरच बोट ठेवले. व्यापाऱ्याने विक्रीकरिता पाडलेला वर्ग कायद्याने जसाच्या तसा उचलला. हा प्रकार पुढे आपल्या देशातही येणार आहे, म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

आता ज्या हकीकतीकरिता हा लेख मुख्यत्वे लिहिला ती सांगतो. ती स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्झनर या कारागिराची आहे आणि ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी ती सावकाश वाचावी अशी विनंती आहे.

एल्झनरने १८८४ साली श्विझ परगण्यातील इबाख या गावी चाकूचा कारखाना काढला. तो भाग गरीब होता. पोटाकरिता माणसे देश सोडून जात. त्या सुमारास स्विस सैन्याने आपल्या शिपायांना एक मिटणारा चाकू द्यावयाचे ठरविले. त्यात एक पाते, एक आरी, डबा फोडण्याचे एक पाते आणि एक स्क्रू फिरविण्याचे पाते, अशा चार वस्तू असावयाच्या होत्या. स्क्रूचे पाते कशाला? तर १८८९ सालच्या नव्या बंदुकीचे भाग सोडविण्याकरिता. डबा कशाला? तर शिपायाचे अन्न आता पत्र्याच्या डब्यातून येऊ लागले होते म्हणून. म्हणजे हाही आपल्या रापी-खुरप्याप्रमाणे कामावरून ठरलेला चाकू होता. मात्र इतके चाकू एकदम करण्याची शक्ती स्विस कारागिरांत नव्हती, आणि पहिली मागणी जर्मनीतील झोलिंगेन या गावी गेली.

एल्झनरला हे लागले. आपल्या शिपायाच्या खिशातला चाकू परक्या देशातून यावा हे त्याला पटेना. त्याने धंद्यातील इतर कारागिरांना एकत्र करून त्यांचा संघ स्थापला, काम वाटून घेण्याचे ठरविले, आणि १८९१ साली संघाने स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. वाचकांना वाटेल की येथे गोष्ट सुखान्त झाली. तसे झाले नाही. झोलिंगेनचे कारखाने यंत्रांवर चालत. त्यांचा माल स्वस्त पडे. तोटा दिसू लागताच सोबती एकामागून एक गळाले. एल्झनर एकटा नेटाने राहिला, त्यात त्याची पुंजी बुडाली, आणि नातेवाइकांनी हात दिला नसता तर कारखान्याला कुलूप लागले असते. संघ मोडला म्हणून त्या सोबत्यांना दोष देणे सोपे आहे. मला ते तितके दोषी वाटत नाहीत. ज्याच्या घरी रोजची चूल रोजच्या घणावर पेटते त्याने दोन वर्षे तोटा कशाच्या बळावर सोसावा? ज्ञातिसंस्थांनी सहकारी उद्योगांच्या योजना आखताना हा प्रश्न सर्वांत आधी लिहून ठेवावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

एल्झनर तरला तो सरकारी मागणीने नव्हे, एका नावाने तरला. शिपायाचा चाकू बळकट पण जड होता. त्याने मागच्या बाजूच्या त्याच पोलादी कमानीवर दुहेरी काम बसविण्याची युक्ती काढून एक हलका, देखणा चाकू केला. त्यात आणखी एक लहान पाते आणि बाटलीचे बूच काढण्याचे मळसूत्र आले. त्याची नोंद १२ जून १८९७ रोजी झाली आणि त्याला नाव दिले "अधिकाऱ्याचा चाकू". येथे मौज अशी की, सैन्याने हा चाकू कोणाही अधिकाऱ्याला कधी सरकारी सामानात दिलाच नाही! अधिकारी तो आपल्या पैशाने दुकानातून घेत. त्यांच्या मागोमाग जे अधिकारी नव्हते आणि शिपाईही नव्हते, अशा हजारो माणसांनी तो घेतला. बुचाचे मळसूत्र युद्धात कशाला लागते हे कोणी विचारले नाही. एल्झनरच्या मालात विद्यार्थ्याचा चाकू, कॅडेटचा चाकू आणि शेतकऱ्याचा चाकूही होता. ही वर्गवारी नीट पाहावी. रापीचे नाव चामड्याच्या कामावरून पडले; येथे नाव घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून पडले आहे. पाते काय कापते यापेक्षा, ते खिशात असता घेणारा स्वतःस कोण समजतो, याला महत्त्व आले. चाकूच्या व्यापारातील खरा पालट तो हाच, असे माझे मत आहे.

१९०९ साली एल्झनरची आई व्हिक्टोरिया वारली. तिचे नाव त्याने कारखान्याला दिले आणि चाकूवर क्रूसाची ढाल आणली. १९२१ साली न गंजणारे पोलाद वापरात आले. त्या पोलादाच्या फ्रेंच नावातील "इनॉक्स" हे अक्षरगट आईच्या नावाला जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव सिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अमेरिकन सैनिकांनी हे चाकू हौसेने घरी नेले. जर्मन भाषेतील मूळ नाव त्यांच्या जिभेला वळेना, म्हणून त्यांनी त्याला स्विस आर्मी नाइफ म्हटले. म्हणजे हे जगप्रसिद्ध नाव ना कारागिराने दिले ना व्यापाऱ्याने. ते गिऱ्हाइकाने दिले आणि व्यापाऱ्याने शहाणपणाने स्वीकारले.

दरम्यान १९०८ पासून स्विस सरकारने आपली मागणी दोन कारखान्यांत विभागून दिली होती, एक इबाखचा आणि दुसरा देलेमाँ येथील वेंगर. एकाच सैन्याला एकाच नमुन्याचा चाकू देणारे हे दोघे. मग बाजारात भेद कसा दाखवावा? एकाने स्वतःस "मूळचा" म्हणविले, दुसऱ्याने "अस्सल". या दोन शब्दांत वरचढ कोणता, हे ठरविण्यास मी माझ्या भाषेच्या चाळीस वर्षांच्या अध्यापनानंतरही धजणार नाही. २००५ साली मूळच्याने अस्सलास विकत घेतले आणि वाद मिटला.

या कारखान्याच्या अलीकडील नावांचीही थोडी उकल करून पाहण्यासारखी आहे. त्यांचा स्पार्टन नावाचा साधा चाकू घ्या. त्यात दोन पाती, डबा व बाटली उघडण्याची दोन साधने, आरी आणि मळसूत्र. त्यात कात्रीचा एक थर घातला की तो क्लायम्बर, म्हणजे डोंगर चढणाऱ्याचा. कात्रीऐवजी करवत घातली की कॅम्पर, म्हणजे तंबूत राहणाऱ्याचा. दोन्ही घातली की हंट्समन, शिकाऱ्याचा. बुचाचे मळसूत्र काढून त्या जागी फुलीच्या स्क्रूचे पाते बसविले की टिंकर, म्हणजे मोडतोड दुरुस्त करणाऱ्याचा. पाते तेच, लांबी तीच, तांबडी मूठ तीच. हंट्समन घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ससा तरी मारला असेल? तरीही ही फसवणूक आहे असे म्हणता येत नाही, कारण आत काय आहे ते सर्व उघड असते आणि माल उत्तम असतो. नाव हे येथे पाटीसारखे आहे. दुकानात गोंधळलेल्या माणसाला ते वाट दाखविते, आणि वाट दाखविण्याचे दाम घेते.

फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतातील जोझेफ ओपिनेल या कारागिराने अगदी उलट वाट धरली. १८९० च्या सुमारास त्याने लाकडी मुठीचा एक साधा मिटणारा चाकू केला आणि १८९७ साली त्याचे १२ आकार ठरवून त्यांना १ ते १२ असे नुसते आकडे दिले. राजाचा नाही, शिकाऱ्याचा नाही, आठ नंबरचा. शाळेतल्या इयत्तांसारखी ही वर्गवारी मला फार आवडते. त्यातील १ व ११ हे नंबर पुढे बंद झाले, तरी उरलेल्यांचे आकडे कोणी बदलले नाहीत. ओपिनेलचे चाकू आजही खपतात.

जपानची हकीकत आपल्या मनाला अधिक भिडणारी आहे. १८७६ साली तेथील सरकारने सामुराई वर्गाला उघडपणे तलवार बाळगण्यास मनाई केली, आणि पिढीजात तलवारी घडविणाऱ्या लोहारांची भट्टी एका फर्मानाने थंड झाली. त्यांतील अनेक जण स्वयंपाकघराच्या सुऱ्यांकडे वळले. त्याच काळात जपानात मांसाहार वाढू लागला होता. त्याकरिता पाश्चात्त्य धर्तीचा जो सुरा निघाला त्याला नाव मिळाले ग्युतो, म्हणजे गाईची तलवार. तलवार गेली, पण शब्द स्वयंपाकघरात शिरला! माशाचा देबा आणि भाजीचा उसुबा हे सुरे कामाच्या नावाचे व पूर्वीचेच होते. विसाव्या शतकाच्या मध्यास लहान घरांतील गृहिणींकरिता एकच सुरा सर्व कामांस पुरावा म्हणून सांतोकू निघाला. सांतोकू म्हणजे तीन गुण. मासा, मांस आणि भाजी या तिन्हींना चालणारा असा त्याचा अर्थ सांगतात. आज आपल्या शहरांतील दुकानांतूनही या नावाचे सुरे मिळतात, आणि ज्यांच्या घरी मासा-मांस वर्ज्य आहे असे लोकही ते कौतुकाने नेतात.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाकरिता घडविलेल्या वस्तू त्या अधिनियमाने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. १९६२ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा सुरा शस्त्रांच्या यादीत घातला होता. तेथेही घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामाचे सुरे वगळले होते. म्हणजे भट्टीतून निघालेल्या एकाच पोलादाचे भवितव्य, ते कशासाठी घडविले, यावर ठरते. हे तत्त्व योग्यच आहे. परंतु कशासाठी घडविले हे पात्यावर कोण लिहून ठेवतो? शेफील्डवाले लिहीत असत. आपण कधी लिहिले नाही.

रामपूर संस्थानातील मिटणारा चाकू याच फेऱ्यात सापडला. तेथील कारागिरी नामांकित होती. पण हिंदी चित्रपटांतील खलनायकांनी "रामपुरी" हा शब्द इतका वापरला की, ते गावाचे नाव न राहता एका दहशतीचे नाव झाले. कारागिरांच्या पोटावर पाय आला तो कायद्याने आणि चित्रपटाने मिळून. २०२३ साली त्या शहरातील एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. त्याच्या छायेत उभे राहून लोक छायाचित्रे काढतात असे ऐकतो.

इकडे स्वित्झर्लंडमध्येही निराळे घडले नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानप्रवाशांना चाकू जवळ ठेवण्यास बंदी झाली, विमानतळावरील दुकानांतून तो नाहीसा झाला, आणि एल्झनरच्या वंशजांचा खप एकदम घसरला. त्यांनी घड्याळे व प्रवासी बॅगा यांवर तोल सांभाळला. २०२४ साली तर, पाते नसलेले खिशातील हत्यार करण्याचा आपला विचार चालू आहे, असे त्यांनी जाहीर केले. चाकूच्या वर्गवारीत आता बिनपात्याचा चाकू हाही एक वर्ग येणार.

आपल्या घरचे उदाहरण मात्र शेवटास राखून ठेवले आहे. अलीकडच्या वर्षांत पुणे शहरातील गुंडांच्या टोळ्यांनी कोयता हाती घेतला आणि वृत्तपत्रांतून "कोयता गँग" हा शब्द रूढ झाला. ज्या नावात शतकानुशतके शेताचा वास होता, ते नाव पोलीसचौकीच्या दप्तरात गेले. कोयते घडवून आठवडे बाजारात पथारीवर मांडणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांकडे त्यामुळे संशयाने पाहिले जाऊ लागले. त्याने मोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्याला ताव देऊन, ठोकून, पाणी देऊन जे केले ते ऊस तोडण्याकरिता केले; ते घेणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याने कसे ओळखावे? गावात तो ओळखत होता. बाजारात ओळखीचा प्रश्नच नाही. म्हणून पात्यावर आपली निशाणी आणि कामाचे नाव छापण्याची, आणि त्या निशाणीची वही ज्ञातिसंस्थेने ठेवण्याची सूचना पुढील वार्षिक सभेत विचारास घ्यावी, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. शेफील्डच्या संघाने हेच काम चारशे वर्षे केले.

त्याच कोयत्याचा दुसरा अर्थ पुण्याच्या वृत्तपत्रांतून फारसा दिसत नाही. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून साखर कारखान्यांवर दरवर्षी तोडणीला जे मजूर जातात, त्यांची गणती मुकादम माणसांनी करीत नाही, कोयत्यांनी करतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटाच असला तर तो अर्धा कोयता. उचलही कोयत्यामागे ठरते, आणि हंगामावर निघण्यापूर्वी ही माणसे आपली पाती लोहाराकडे पाजवून घेण्यास येतात.